कोकणातल्या वकिलाने कायद्याची इंग्रजी कशी शिकावी: पहिले सहा आठवडे

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते आणि आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायची घाई सुरू असते. अशाच एका दुपारी एक बागायतदार चार पानी इंग्रजी करार घेऊन माझ्या ऑफिसात आले. आखातातला खरेदीदार, विमानाने जाणारा हापूस, आणि करारात एक ओळ: 'टाइम शॅल बी ऑफ द इसेन्स'. शेजारी नुकतीच सनद मिळालेला माझा ज्युनिअर बसला होता, मराठी माध्यमातून आलेला, हुशार मुलगा. त्याने ओळ वाचली आणि म्हणाला, 'वेळ महत्त्वाची आहे, असं लिहिलंय.' बागायतदार म्हणाले, 'ती तर असतेच की.' आणि सहीसाठी पेन काढलं.

मी थांबवलं. मुदत हा कराराचा गाभा आहे, हे त्या ओळीने तुमच्याकडून मान्य करून घेतलेलं असतं. आपल्याकडे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे अशी मुदत चुकली की समोरच्याला करार रद्द करता येतो. महामार्गावर ट्रक एक रात्र अडकला तरी सगळा माल अंगावर.

कलम ५५ त्या मुलाला चांगलं येत होतं. मराठीत विचारलं असतं तर उदाहरणासकट सांगितलं असतं. ती ओळ म्हणजेच ते कलम, एवढं त्याच्या लक्षात आलं नाही. काही वर्षं मी आमच्याकडच्या नव्या वकिलांना कायद्याची इंग्रजी शिकवते आहे आणि जवळजवळ प्रत्येकाची अडचण हीच असते. कायदा येतो, इंग्रजी शब्दही बरेच येतात, पण दोघांची गाठ पडलेली नसते. म्हणून माझा सगळा भर यावर असतो की इंग्रजी शिकायला कोऱ्या पाटीने बसू नका. रोज हाताखालून जाणारे दस्त, नोटिसा, जबाब हेच तुमचं भांडवल आहे, सुरुवात तिथूनच करा.

पायरी १: कशासाठी शिकायचं ते ठरवा

आमच्या भागात साधारण चार कारणं दिसतात.

पहिलं, उच्च न्यायालय. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीतच चालतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे गेले. (रायगडकरांना मुंबईच.) पूर्वी ब्रीफ मुंबईच्या वकिलाकडे पाठवून आपण मोकळे व्हायचो. आता पहाटे आंबा घाट चढून स्वतः उभं राहता येतं, आणि उभं राहायचं तर बोलावं लागतं.

दुसरं कारण, परदेशी पक्षाचे इथेच येणारे कागद. आंबा, काजू, मासळीचे निर्यात करार. बोटीवर जाणाऱ्या पोरांचे नोकरीचे करार, जे २००६ च्या सागरी कामगार करारनाम्यानुसार जहाजमालक आणि खलाशी दोघांच्या सहीने व्हायला हवेत. भारताने तो करारनामा २०१५ मध्ये स्वीकारला. आखातातून किंवा लंडनहून भावाने पाठवलेलं मुखत्यारपत्र. रायगडात न्हावा शेव्याच्या बंदराभोवतीची कामं तर वेगळीच.

तिसरं, परदेशात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी. चौथं, तिथलीच सनद. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका, दुसऱ्या टप्प्यात लेखी आणि तोंडी कौशल्यं, शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव, जो आधीच सनद असलेल्या परदेशी वकिलांना लागत नाही.

शेवटच्या दोन कारणांसाठी पूर्णवेळ सघन वर्ग लागतो. पहिल्या दोन कारणांसाठी घरी बसून, रोज तीन तास दिले तर सहा आठवड्यांत फरक दिसतो. सुट्टीचा मे महिना त्यासाठी मला सर्वांत चांगला वाटतो, पण ज्यांच्या घरची आंब्याची कलमं आहेत त्यांनी स्वतःला फसवू नये. त्यांनी पावसात बसावं.

पायरी २: स्वतःला मोजा

निकाली निघालेली स्वतःची एखादी केस घ्या. मोबाइलचा रेकॉर्डर लावा आणि ती पाच मिनिटं इंग्रजीत सांगा, समोर परदेशी वकील बसलाय असं समजून. मग तीच केस शब्दकोश न बघता एका पानात लिहा. तारीख टाकून दोन्ही जपून ठेवा.

ऐकताना चुका मोजत बसू नका. कुठे अडलात ते बघा. शब्द आठवला नाही म्हणून अडलात, की वाक्य सुरू केलं आणि क्रियापद सापडेना म्हणून? मराठीत क्रियापद शेवटी येतं. आपण कर्ता म्हणतो, मग सगळा तपशील घालतो आणि शेवटी 'केले' म्हणून सोडतो. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद नाही आलं तर ऐकणारा ताटकळतो. आमच्याकडचे निम्मे लोक इथेच अडखळतात आणि त्यांना वाटतं, आपली शब्दसंपत्ती कमी आहे.

भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीत ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या असतात. बी-२ च्या खाली असाल, म्हणजे बातमीपत्र ऐकून अर्धंच कळत असेल, तर कायद्याच्या इंग्रजीच्या वर्गात पैसे घालू नका. दोन-तीन महिने साधी इंग्रजी पक्की करा.

पायरी ३: वर्ग निवडताना

अमेरिका-इंग्लंडमधली बरीच विद्यापीठं एलएलएम सुरू होण्याआधी परदेशी वकिलांसाठी काही आठवड्यांचे सघन वर्ग घेतात. त्यांत निकालपत्राचा सारांश काढणं, कायदेशीर टिपण लिहिणं, करारातली कलमं बेतणं, अशिलाची मुलाखत, वाटाघाटी असं सगळं येतं. ऑनलाइन वर्गही आहेत.

इथे मी स्वतः ठेचकाळले आहे. मी ज्या ऑनलाइन वर्गाला फी भरली, तिथे पहिले तीन आठवडे पूर्वनिर्णय म्हणजे काय, वरच्या कोर्टाचा निकाल खालच्यावर बंधनकारक का, हेच चाललं होतं. वर्गात ब्राझील, जपान, जर्मनीचे वकील होते. त्यांच्याकडे संहितेवर चालणारी पद्धत, त्यांना ते नवं होतं आणि गरजेचं होतं. आपण मात्र कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तेच शिकलेलो. म्हणून प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम आठवड्यावार मागवा आणि इंग्लिश पद्धतीच्या ओळखीला किती दिवस दिलेत ते बघा.

आणखी दोन प्रश्न विचारा. आठवड्याला माझ्या हातची किती पानं तपासून मिळतील? तपासणारी व्यक्ती कायदा शिकलेली आहे का? पहिल्याचं उत्तर 'दोन-तीन पानं तरी' असं नसेल तर तो वर्ग नको. व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात, आपण फी देतो ती तपासून मिळण्यासाठी.

प्रमाणपत्र हवं असेल तर टोल्स ही कायद्याच्या इंग्रजीची परीक्षा आहे, तिच्या तीन पातळ्या आहेत. जुन्या लेखांत केंब्रिजच्या 'आयलेक'चं नाव सापडेल. ती परीक्षा २०१६ मध्ये बंद झाली, तिच्यामागे लागू नका.

वेळेचा हिशोबही आधीच करा. लंडनचं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कचं साडेदहा आणि साडेनऊ. लंडनचा दुपारी दोनचा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येतो, तो जमतो. न्यूयॉर्कचा दुपारी दोनचा वर्ग रात्री साडेअकराला, आणि सकाळी अकराला कोर्टात तारीख. जुलैत वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा वर्गाचं रेकॉर्डिंग मिळणार का, हेही विचारून घ्या.

पायरी ४: शब्द, पण आपल्या दस्तावरून

या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देते.

खरेदीखत डोळ्यांसमोर आणा. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. आता इंग्रजीतल्या जोड्या घ्या: लेसर-लेसी, मॉर्गेजर-मॉर्गेजी, डोनर-डोनी, असाइनर-असाइनी. नवशिके या कायम उलट्या करतात, विशेषतः गहाणात. बँक कर्ज देते म्हणून तिलाच 'मॉर्गेजर' म्हणून बसतात. एकच लक्षात ठेवा: शेवटी 'अर' असेल तो लिहून देणार, शेवटी 'ई' असेल तो लिहून घेणार. गहाणखत कर्जदार लिहून देतो, म्हणून तो मॉर्गेजर. बँक लिहून घेते, म्हणून ती मॉर्गेजी. आणि बोलताना जोर त्या 'ई'वर द्या, नाहीतर फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात.

दुसरं, 'अ' आणि 'द'. मराठीत ही भानगड नाही, त्यामुळे आपण ते कुठेही टाकतो किंवा गाळतो. करारात ते महागात पडतं: 'अ बायर' म्हणजे कोणीही खरेदीदार, 'द बायर' म्हणजे करारात व्याख्या केलेला तो एकच. मी शिकवते ती खूण अशी: मराठी दस्तात ज्या ठिकाणी तुमचा हात आपोआप 'सदर' लिहितो, त्या ठिकाणी इंग्रजीत 'द' घाला. सदर मिळकत, सदर इसम, सदर रक्कम. पण 'द सेड प्रॉपर्टी' असं लिहायची सवय मोडा. 'द प्रॉपर्टी' पुरतं.

तिसरं, ओळखीचे पण फसवे शब्द. 'कन्सिडरेशन' म्हणजे मोबदला. 'एक्झिक्यूट' म्हणजे दस्त करून देणं. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे दस्त, 'सर्व्हिस' म्हणजे बजावणी, 'कन्स्ट्रक्शन' म्हणजे मजकुराचा अर्थ लावणं. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, 'डॅमेजेस' म्हणजे नुकसानभरपाई. एका अक्षराने मागणी बदलते. 'सेव्ह अ‍ॅज' म्हणजे खेरीज. 'विदाउट प्रेज्युडिस' म्हणजे हक्कास बाधा न येता, आणि तडजोडीच्या पत्रावर ते लिहायचं राहिलं तर तुमचीच कबुली तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. अशा शब्दांची वेगळी वही करा. डावीकडे इंग्रजी, मध्ये आपला कोर्टातला मराठी शब्द, उजवीकडे तो शब्द ज्या कागदात भेटला त्यातलं पूर्ण वाक्य. उजवा रकाना रिकामा असेल तर तो शब्द तुमचा झालेला नाही.

चौथं, जोडशब्द. 'नल अँड व्हॉइड', 'विल अँड टेस्टामेंट', 'सीझ अँड डेझिस्ट'. एकच गोष्ट दोनदा का, असं मुलं विचारतात. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, कोर्टात फ्रेंच आणि लॅटिन बसली, आणि खाली लोक इंग्रजी बोलत राहिले. दोघांना कळावं म्हणून लिहिणाऱ्यांनी दोन्हीकडचे शब्द जोडले ('विल' इंग्रजी, 'टेस्टामेंट' लॅटिन), आणि मग 'नल अँड व्हॉइड'सारख्या एकाच बाजूच्या शब्दांच्या जोड्याही रूढ झाल्या. १३६२ मध्ये कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत करण्याचा कायदा झाला, तरी कागद आपल्या वळणानेच चालले. शेवटी १७३० च्या कायद्याने, १७३३ पासून, कामकाजाचे कागदही इंग्रजीत आले. म्हणजे स्वतःच्या कोर्टात स्वतःची भाषा आणायला इंग्रजांनाही शतकं लागली. आपल्याकडेही फिर्याद, जबाब, जामीन, वकील हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले, आणि शेजारी संस्कृत बसलं. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' ही खरेदीखतातली ओळ आठवा. ती कुठून आली हे ज्याला कळतं, त्याला 'नल अँड व्हॉइड' परकं वाटत नाही. वाचताना जोडशब्द ओळखा, लिहिताना मात्र एकच वापरा. 'व्हॉइड' पुरे.

पाचवं, ज्यांना इंग्रजी शब्दच नाही अशा गोष्टी. सातबाऱ्याला 'सेव्हन-ट्वेल्व्ह' असं लिहून पाठवलं की परदेशी वकील ती तारीख समजतो. लिहा: जमिनीच्या अधिकार अभिलेखाचा उतारा, ज्यात मालक, क्षेत्र आणि पीक नोंदलेलं असतं. लाख-कोटी टाळा. १२,५०,००० हा आकडा तिकडे १,२५०,००० असा लिहितात. गुंठ्याऐवजी चौरस मीटर द्या. सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. तारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण ३/४ म्हणजे लंडनला ३ एप्रिल आणि न्यूयॉर्कला ४ मार्च.

आणि 'कूळ'! हा माझा आवडता सराव आहे. 'टेनंट' म्हटलं की इंग्रज वकिलाच्या डोळ्यांसमोर भाडेकरू येतो, ज्याची मुदत संपली की त्याने निघायचं. १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, जमिनीचा मानीव खरेदीदार झालेला शेतकरी त्या शब्दात मावत नाही. कूळ म्हणजे कोण, हे परक्या वकिलाला तीन वाक्यांत सांगा. मग खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, सांगा, १९४९ च्या कायद्याने खोती गेली ते सांगा. घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली गोष्ट इंग्रजीत तीन वाक्यांत बसवायला माझ्या विद्यार्थ्यांना सरासरी एक संध्याकाळ लागते. ज्याला हे जमलं, त्याला पुढे काहीही समजावून सांगता येतं.

पायरी ५: रोजचं वाचन

पहिले दोन आठवडे १८७२ चा करार अधिनियमच वाचा, इंग्रजीत, आणि कलमांखालची उदाहरणं मोठ्याने. कलम ७३ खालचं पहिलंच उदाहरण: अ हा ब ला ५० मण सोरा ठरलेल्या भावाने विकायचं कबूल करतो आणि वचन मोडतो. छोटी वाक्यं, रोजचा व्यवहार, आणि तरीही पक्की कायद्याची भाषा. सोऱ्याच्या जागी आंबा घाला, अ आणि ब च्या जागी तुमचे अशील घाला, आणि तेच वाक्य पुन्हा लिहा. दीडशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणांइतकं चांगलं पाठ्यपुस्तक मला अजून मिळालेलं नाही.

मग सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर जा. तिथे बरेच निकाल मराठी अनुवादात मिळतात. एकच निकाल दोन्ही भाषांत उघडा. आधी मराठी परिच्छेद वाचा, झाका, स्वतः इंग्रजीत लिहा, मग मूळ इंग्रजी बघा. रोज एक परिच्छेद, जास्त नको. अनुवादाला यंत्राची मदत घेतलेली असते, त्यामुळे मराठी कधी कधी अवघडलेली वाटेल. अधिकृत मजकूर इंग्रजीच धरायचा.

चौथ्या आठवड्यापासून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल घ्या. प्रत्येक निकालासोबत ते दोन-तीन पानी सारांश देतात आणि निकाल जाहीर करतानाचं चित्रीकरण असतं. आधी सारांश वाचा, मग ऐका. जुन्या इंग्लिश न्यायाधीशांपैकी लॉर्ड डेनिंग जरूर वाचा. १९७० च्या एका अपघाताच्या खटल्यात त्यांनी निकालाची सुरुवात अपघाताची तारीख देऊन केली आणि दुसऱ्याच वाक्यात केंट परगण्यात तेव्हा ब्लूबेल फुलांचा बहर होता असं लिहिलं. मग रस्त्याकडेला सहलीला थांबलेलं कुटुंब, आणि अंगावर आलेली गाडी. कायद्याची इंग्रजी किती साधी असू शकते हे तिथे दिसतं.

पायरी ६: लिहिणं

देवळात गाऱ्हाणं घालणारा मानकरी आधी देवाला हाक मारतो, मग कोणाचं गाऱ्हाणं ते सांगतो, मग अडचण मांडतो, आणि सगळ्यांत शेवटी मागणं. आपला दावा, आपला अर्ज, आपलं पत्रही त्याच क्रमाने चालतं आणि इथल्या कोर्टात ते बरोबर आहे. परदेशी वकिलाला पाठवायच्या ईमेलमध्ये मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. मागणं पहिल्या ओळीत. कारण नंतर.

त्या आंब्याच्या करारात आम्हाला दोन बदल हवे होते. एक मुदतीचा. दुसरा असा, की माल विमानाने जाणार असताना करारात 'एफओबी मुंबई' लिहिलं होतं, म्हणजे मुंबईत जहाजावर माल चढवून देणं. इनकोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या माल सोपवण्याच्या संज्ञांच्या यादीत एकूण ११ संज्ञा आहेत, त्यातली एफओबी फक्त समुद्र आणि अंतर्गत जलमार्गासाठी आहे. विमानासाठी एफसीए, म्हणजे ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात माल देणं, घ्यायला हवं. ज्युनिअरचा पहिला मसुदा असा होता: 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट अँड अंडर इन्स्ट्रक्शन्स फ्रॉम अवर क्लायंट, वुई हिअरबाय ब्रिंग टू युअर काइंड नोटिस...' आणि सात ओळींनंतर 'काइंडली डू द नीडफुल'. काय करायचं, कोणी, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नव्हतं.

तो मसुदा चार वेळा लिहिला, तेव्हा असा झाला:

'वुई नीड टू चेंजेस बिफोर अवर क्लायंट साइन्स. फर्स्ट, प्लीज रिप्लेस एफओबी मुंबई विथ एफसीए मुंबई एअरपोर्ट, इनकोटर्म्स २०२०, बिकॉज द गुड्स विल गो बाय एअर. सेकंड, प्लीज अलाऊ फॉर्टी-एट अवर्स आफ्टर द डिलिव्हरी डेट बिफोर क्लॉज सेव्हन अप्लाइज. कॅन यू कन्फर्म बाय १५ मे?'

सातवं कलम म्हणजे तीच मुदतीची ओळ. या मजकुरात एकही भारदस्त शब्द नाही, आणि खरेदीदाराच्या वकिलाला दुसऱ्यांदा वाचावं लागत नाही.

'शॅल'बद्दल थोडं. जुन्या करारात तो तीन कामं करतो: बंधन घालतो, भविष्य सांगतो, अट मांडतो. मराठीत आपण 'करणे बंधनकारक आहे', 'करील' आणि 'केल्यास' असे तीन वेगळे प्रयोग करतो, म्हणजे फरक आपल्याला आधीच कळतो. बंधनाला 'मस्ट', भविष्याला 'विल', अटीला 'इफ' वापरा. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची भाषा २००७ मध्ये सोपी केली तेव्हा त्यातून 'शॅल' काढून टाकला. समोरच्याच्या मसुद्यात तो असेल तर मात्र हात लावण्याआधी त्याचा नेमका अर्थ ठरवा.

एक कडक नियम: सरावासाठी अशिलाचे कागद घेतलेत तर नाव, गट नंबर, रक्कम काळी करा, आणि मूळ दस्त कुठल्याही फुकट भाषांतर अ‍ॅपमध्ये टाकू नका. अशिलाने विश्वासाने दिलेला कागद बाहेर जाऊ न देणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, शिकणं चालू आहे म्हणून ते सैल होत नाही.

मुखत्यारपत्राचा मसुदा हा लिहिण्याचा उत्तम सराव. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. ही एक ओळ परदेशातल्या अशिलाला इंग्रजीत अशी कळवा की त्याला फोन करून विचारावं लागणार नाही.

पायरी ७: बोलणं आणि ऐकणं

आपल्या मराठीत 'व' एकच. इंग्रजीत दोन. एका ऑनलाइन वर्गात मी 'द प्रॉपर्टी व्हेस्ट्स इन द ट्रस्टी' म्हणाले, आणि शिकवणाऱ्या बाईंनी पुन्हा विचारलं, 'वेस्ट?' मिळकत विश्वस्ताकडे निहित होते, हे मी सांगत होते, आणि त्यांना पश्चिम दिशा ऐकू आली. त्या दिवशी रात्री आरशासमोर बसून 'व्हेस्ट, वेस्ट, वेव्हर, व्हेंडर' घोकलं. पहिल्या 'व'ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, दुसऱ्याला ओठांचा चंबू. आठवड्यात जमतं.

काही शब्द वाचून बोललात तर चुकतात: 'सबपीना' म्हणजे साक्षीला बोलावणारं समन्स, त्यातला 'ब' म्हणायचा नाही, ते सपीना. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातही 'ब' मुका. आरोपपत्राचं इनडाइटमेंट, त्यात 'क' नाही.

उच्चार पूर्ण बदलायची काहीच गरज नाही. गती कमी करा. आमच्याकडे तापलेल्या वादात सगळे एका श्वासात बोलतात, आणि इंग्रजीतही तेच होतं. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबा. न कळलं तर विचारायची तीन-चार वाक्यं तोंडपाठ ठेवा: 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?', 'डू यू मीन दॅट...?', 'लेट मी चेक आय हॅव अंडरस्टूड'. मान डोलावून वेळ मारून नेणं हा सर्वांत महाग पडणारा शिष्टाचार आहे.

सोबती शोधा. बार रूममध्ये दुपारच्या डब्यानंतर अर्धा तास, रोज. एक अशील, एक वकील. दुसऱ्या दिवशी उलट. सांगायचा साचा असा: प्रश्न काय, नियम काय, तो या प्रकरणाला कसा लागू, म्हणून निष्कर्ष काय. अमेरिकन वर्गांत पहिल्या दिवसापासून हेच घोटून घेतात. आधी लाज वाटेल, सीनियर हसतीलही. तिसऱ्या आठवड्यात तेच येऊन त्यांच्या नोटिसा तपासायला देतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

पायरी ८: बाहेर जाणार असाल तर

इंग्लंडला सहा महिन्यांपर्यंतचा वर्ग मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. ६ ते ११ महिन्यांच्या इंग्रजीच्या वर्गासाठी वेगळा अल्पकालीन अभ्यास व्हिसा आहे. अमेरिकेत पूर्णवेळ भाषावर्गाला एफ-१ लागतो, पर्यटक व्हिसावर तो करता येत नाही.

विद्यापीठं मागतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं साधारण ३० मिनिटं, वाचन ६०, लेखन ६०, आणि बोलणं ११ ते १४ मिनिटं. लेखनात दुसरा निबंध किमान २५० शब्दांचा. तिथे वकिली भाषा वापरू नका, साधं मत मांडा. आमच्या लोकांचे गुण बहुतेक इथेच जातात, कारण ते निबंधालाही दाव्यासारखं लिहितात.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या दिवशीची तीच केस पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐका. परीक्षेची तारीख त्यानंतरच घ्या. निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, तेव्हा विद्यापीठाच्या अर्जाची मुदत बघून मागे मोजत या, आणि पहिल्या वेळी गुण कमी पडले तर दुसऱ्यांदा बसायला दोन महिने हाताशी ठेवा.